संकेतस्थळ अजून घडते आहे. त्याला नाव कोणते द्यावे?

डिसेंबर २०१७ मध्ये क्रोम ब्राउझरची ६३वी आवृत्ती आली आणि अनेक डेव्हलपरांच्या संगणकांवर आदल्या दिवसापर्यंत नीट चालणारी संकेतस्थळे उघडेनाशी झाली. कोडमध्ये कोणी एका अक्षराचाही बदल केलेला नव्हता. ही संकेतस्थळे अजून जगासमोर आलेली नव्हती, ती त्यांच्या कर्त्यांच्या संगणकापुरतीच होती. आणि त्या सर्वांच्या नावांचा शेवट ‘डॉट डेव्ह’ असा होता. हा प्रत्यय लिहायला सुटसुटीत होता, अर्थाने चपखल होता आणि तो कोणाच्याच मालकीचा नाही अशी वापरणाऱ्यांची समजूत होती. प्रत्यक्षात तो काही वर्षांपूर्वीच गूगलकडे गेला होता, आणि या प्रत्ययाचे कोणतेही नाव केवळ सुरक्षित जोडणीवरूनच उघडावे असा नियम गूगलने ब्राउझरमध्येच पक्का बसवला होता.

जुलै २०२४ मध्ये याच्या नेमकी उलट घटना घडली. इंटरनेटवरील नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या संचालक मंडळाने ‘डॉट इंटर्नल’ हा प्रत्यय कायमचा राखून ठेवण्याचे ठरवले. तो कोणालाही दिला जाणार नाही आणि सार्वजनिक यादीत कधीही येणार नाही. म्हणजेच ज्याला तो आपल्या नेटवर्कच्या आत वापरायचा असेल, त्याने खुशाल वापरावा. दोन प्रत्ययांच्या नशिबात हा फरक का पडला, हे समजून घेतले की आपल्या डेव्हलपमेंट सर्व्हरला, म्हणजे घडत असलेले संकेतस्थळ चालवणाऱ्या यंत्राला, नाव देण्याच्या प्रश्नातला बराचसा गोंधळ निवळतो.

नाव, पत्ता आणि मालकी

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. ब्राउझरला जोडणी करण्यासाठी हा आकडाच लागतो, माणसाच्या मात्र नावच लक्षात राहते. नावावरून आकडा शोधून देणारी जगभर पसरलेली व्यवस्था म्हणजे डीएनएस. तिची मांडणी पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये केली. त्याआधी सर्व यंत्रांची नावे आणि पत्ते एकाच फाइलमध्ये लिहिलेले असत. कॅलिफोर्नियातील एसआरआय या संशोधन संस्थेत ती फाइल सांभाळली जाई आणि बाकीचे लोक तिची ताजी प्रत वेळोवेळी उतरवून घेत. यंत्रे वाढत गेली तशी ही पद्धत कोलमडू लागली.

डीएनएसमध्ये नाव उजवीकडून डावीकडे वाचले जाते. ‘डेव्ह डॉट एक्झाम्पल डॉट कॉम’ असे नाव असेल, तर आधी ‘कॉम’ची व्यवस्था कोणाकडे आहे हे विचारले जाते, त्या व्यवस्थेला ‘एक्झाम्पल’ कोणाचे आहे हे ठाऊक असते, आणि ‘डेव्ह’ म्हणजे नेमके कोणते यंत्र हे ‘एक्झाम्पल’चा मालक ठरवतो. उजवीकडचा भाग ज्याच्या ताब्यात आहे, त्याचीच डावीकडच्या सर्व नावांवर सत्ता चालते. ज्या नावाचा उजवा भाग आपला नाही, ते नाव आज आपल्या मनासारखे चालत असले तरी उद्याही तसेच चालेल याची खात्री आपण देऊ शकत नाही.

आता अंतर्गत नाव म्हणजे काय ते पाहू. आपल्या फोनमध्ये ‘आई’ या नावाने एक क्रमांक साठवलेला असतो. ते नाव त्या फोनपुरते खरे असते. दुसऱ्याच्या फोनवर तेच नाव दाबले तर दुसऱ्याची आई फोन उचलते, आणि त्यात कोणाचे काही बिघडत नाही, कारण ‘आई’ हे नाव कोणत्याही सार्वजनिक सूचीत एकाच व्यक्तीच्या नावावर नोंदवलेले नसते. अंतर्गत डोमेन नाव असेच एका संगणकापुरते किंवा एका कार्यालयाच्या नेटवर्कपुरते खरे असते. मात्र हेच खाजगी नाव उद्या सार्वजनिक सूचीत दुसऱ्या कोणाला बहाल झाले, तर एकाच हाकेला दोन जण ओ देऊ लागतात, आणि डॉट डेव्हच्या बाबतीत हेच घडले.

लोकलहोस्ट असताना वेगळे नाव हवेच कशाला?

‘लोकलहोस्ट’ हे नाव आणि १२७.०.०.१ हा पत्ता, दोन्ही आपण बसलो आहोत त्याच यंत्राकडे वळतात. हातात एकच प्रकल्प असेल आणि तो साधा असेल, तर याहून जास्त काही लागत नाही. ज्यांचे एवढ्यावर भागते त्यांनी पुढचा खटाटोप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अडचण दुसऱ्या प्रकल्पापासून सुरू होते. एकाच यंत्रावर अनेक प्रकल्प चालवायचे तर प्रत्येकाला वेगळा पोर्ट द्यावा लागतो. पोर्ट म्हणजे एकाच इमारतीतील खोलीचा क्रमांक समजावा. ३००० वर एक, ८०८० वर दुसरा, अशी ही वाटणी पाठ करणे कंटाळवाणे असतेच, पण खरी गोम कुकीमध्ये आहे. लॉगिन लक्षात ठेवण्यासाठी ब्राउझर जी छोटी नोंद करतो ती कुकी नावानुसार ठेवली जाते. पोर्ट तिच्या हिशेबात धरला जात नाही. त्यामुळे लोकलहोस्टवरच्या दोन प्रकल्पांनी कुकीला एकच नाव दिले असेल, तर एकात लॉगिन केले की दुसऱ्यातून आपण बाहेर फेकले जातो. आपल्याच कोडमध्ये दोष आहे असे समजून त्याच्या मागे दुपार घालवणारे लोक मी पाहिले आहेत.

दुसरे कारण असे, की प्रत्यक्ष संकेतस्थळ नावावर चालते, आणि तपासणी जितकी प्रत्यक्षाच्या जवळ जाईल तितकी ती खरी. प्रत्येक ग्राहकाला वेगळे सबडोमेन, म्हणजे मुख्य नावाच्या डावीकडे जोडलेले उपनाव, देणारी प्रणाली नुसत्या लोकलहोस्टवर नीट तपासता येत नाही. वर्डप्रेससारखी संकेतस्थळे बनवण्याची प्रणाली तर स्वतःचा पत्ता डेटाबेसमध्येच लिहून ठेवते. शिवाय एचटीटीपी या ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील संवादाच्या पद्धतीच्या १.१ या आवृत्तीपासून ब्राउझरला प्रत्येक मागणीसोबत आपल्याला कोणते नाव हवे आहे हे सांगावेच लागते, त्यामुळे एकाच पत्त्यावरचा एकच सर्व्हर निव्वळ नावावरून पन्नास प्रकल्प वेगळे ओळखू शकतो. ही सोय आयती मिळत असताना पोर्टचे आकडे घोकण्यात अर्थ नाही.

होस्ट्स फाइल: फोनमधली संपर्कयादी

अंतर्गत नाव देण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे होस्ट्स फाइल. लिनक्स आणि मॅकवर ती ‘इटीसी’ फोल्डरमध्ये असते. विंडोजवर ती सिस्टिम३२ च्या आत ड्रायव्हर्सच्या फोल्डरमध्ये दडलेली असते, आणि गंमत म्हणजे तिथेही तिला ठेवणाऱ्या फोल्डरचे नाव ‘इटीसी’च आहे. एका ओळीत आधी पत्ता आणि मग नाव लिहायचे, एवढेच तिचे व्याकरण. साधारणपणे संगणक डीएनएसला विचारण्याआधी ही फाइल पाहतो, म्हणून इथे लिहिलेले नाव त्या संगणकापुरते जगापेक्षा वरचढ ठरते. १९८३ पूर्वीच्या त्या एकमेव फाइलचीच ही वंशज.

हा उपाय एकट्यासाठी उत्तम आहे, पण त्याच्या मर्यादा लवकर टोचू लागतात. या फाइलला वाइल्डकार्ड, म्हणजे ‘या प्रत्ययाची सर्व नावे इकडे पाठव’ असा सरसकट नियम, समजत नाही. प्रत्येक नावाला स्वतंत्र ओळ लागते. ती बदलायला प्रशासकाचे अधिकार लागतात, आणि मोबाइल फोनवर ती सहजासहजी बदलताच येत नाही, त्यामुळे आपले काम फोनवर कसे दिसते हे पाहायचे असेल तर हा मार्ग खुंटतो. आठ जणांच्या चमूत आठ प्रती तयार होतात आणि त्यांतली एखादी नेहमीच जुनी असते. ज्या कारणामुळे मूळ फाइल मोडीत काढावी लागली, तेच कारण इथे छोट्या प्रमाणात पुन्हा उभे राहते.

तिच्यातील नोंदी विसरल्या जातात हा धोका तर वेगळाच. एक संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवताना मी त्याचे नाव माझ्या फाइलमध्ये तात्पुरते नव्या पत्त्याकडे वळवले होते. पुढे तो सर्व्हर बदलून तिसराच घेतला गेला, सार्वजनिक नोंद बदलली, सगळ्यांना नवे पान दिसू लागले. मी मात्र दोन दिवस जुनेच पान पाहत ‘बदल पोहोचलेला नाही’ असे ठासून सांगत होतो. तात्पुरत्या नोंदीशेजारी टिप्पणीत तारीख लिहून ठेवण्याची सवय मला तेव्हापासून लागली.

चमूसाठी स्वतःचा डीएनएस

होस्ट्स फाइलची जागा घेणारी पुढची पायरी म्हणजे आपल्या नेटवर्कमध्येच एक छोटा डीएनएस सर्व्हर चालवणे. डीएनएसमास्क हा त्यासाठीचा जुना, हलका आणि लोकप्रिय प्रोग्रॅम आहे. त्याच्या मांडणीत एक ओळ लिहिली की डॉट टेस्टने संपणारे कोणतेही नाव ठरलेल्या पत्त्याकडे जाते. नवा प्रकल्प सुरू करताना पुन्हा कुठे काही लिहावे लागत नाही. बाकीची सर्व नावे तो बाहेरच्या डीएनएसकडे पुढे पाठवतो. राउटरला या सर्व्हरचा पत्ता नेटवर्कमधील सर्वांना कळवायला सांगितले, की त्या वायफायवर आलेला फोनही ही नावे ओळखू लागतो. मॅकवर तर ‘फक्त एवढा एक प्रत्यय या सर्व्हरला विचार’ असे स्वतंत्रपणे सांगण्याची सोय आहे.

इथे पत्ता कोणता द्यायचा, हेही लक्षात घ्यावे. १२७.०.०.१ दिला तर प्रत्येक जण स्वतःच्याच यंत्राकडे जाईल. सर्वांनी एकाच सर्व्हरवर यावे असे वाटत असेल, तर त्या सर्व्हरचा खाजगी पत्ता द्यावा लागतो. १०, १९२.१६८ आणि १७२.१६ ते १७२.३१ यांनी सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठीच राखलेले आहेत आणि ते उघड्या इंटरनेटवर चालत नाहीत.

प्रत्यय निवडण्याचा प्रश्न

आयपी पत्त्यांप्रमाणे काही नावेही राखीव आहेत, आणि ती आजची नाहीत. जून १९९९ मध्येच इंटरनेटच्या मानकांत चार प्रत्यय बाजूला काढून ठेवले गेले: टेस्ट, एक्झाम्पल, इन्व्हॅलिड आणि लोकलहोस्ट. त्यांपैकी टेस्ट हा चाचणीसाठी, एक्झाम्पल हा लेख-पुस्तकांतील उदाहरणांसाठी आणि इन्व्हॅलिड हा मुद्दाम न चालणाऱ्या नावांसाठी आहे. म्हणजे २०१७ मध्ये ज्यांची कामे अडली, त्यांच्यासाठी डॉट टेस्ट तब्बल १८ वर्षे तयार होता. तो वापरला गेला नाही, कारण मानके वाचून नाव ठेवण्याची कोणाला सवय नसते. शेजाऱ्याने जे ठेवले तेच आपण ठेवतो.

एकट्याच्या संगणकावर चालणाऱ्या प्रकल्पासाठी डॉट टेस्ट हा आजही माझ्या मते सर्वांत सरळ पर्याय आहे. डॉट लोकलहोस्टची एक वेगळी सोय आहे: ‘दुकान डॉट लोकलहोस्ट’ असे नाव दिले तर क्रोम आणि फायरफॉक्स कोणत्याही मांडणीविना ते स्वतःच्याच यंत्राकडे वळवतात. मात्र ब्राउझरबाहेरचे प्रत्येक साधन असे वागेलच असे नाही. कार्यालयाच्या नेटवर्कवर कायम राहणाऱ्या यंत्रांसाठी डॉट इंटर्नल योग्य ठरतो. घरातील नेटवर्कसाठी २०१८ मध्ये ‘होम डॉट अर्पा’ असे नाव राखले गेले. ते बरोबर असले तरी जिभेवर रुळले नाही.

डॉट लोकल मात्र टाळावा, आणि सर्वाधिक चूक इथेच होते, कारण नाव ऐकून तो याच कामासाठी असावा असे वाटते. छोट्या कार्यालयांसाठीच्या विंडोज सर्व्हरवरही एके काळी हाच प्रत्यय रूढ होता. परंतु फेब्रुवारी २०१३ च्या मानकाने तो मल्टिकास्ट डीएनएस या वेगळ्याच पद्धतीला दिला. या पद्धतीत सर्व्हर नसतोच. प्रिंटर, स्पीकर अशी उपकरणे आपले नाव नेटवर्कवर स्वतःच पुकारतात आणि ज्याला हवे तो ऐकतो. एका खोलीत ‘अमुक कोण आहे?’ असे ओरडून विचारावे आणि ज्याचे नाव त्याने हात वर करावा, तसेच हे. आपण डॉट लोकल नाव साध्या डीएनएसमध्ये ठेवले, तर संगणक आधी खोलीत ओरडून पाहतो, उत्तर येण्याची वाट पाहतो आणि मग कुठे सूचीकडे वळतो किंवा वळतच नाही. एखादे पान कारण नसताना दर वेळी काही सेकंद अडखळत असेल, तर आधी त्याच्या नावाचा शेवट तपासावा.

या सर्वांहून भक्कम पर्याय म्हणजे स्वतःच्या नोंदणीकृत डोमेनखाली एक सबडोमेन अंतर्गत कामासाठी काढून ठेवणे. ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ आपले असेल, तर ‘डेव्ह डॉट एक्झाम्पल डॉट कॉम’ आणि त्याच्या डावीकडची अनंत नावे आपलीच असतात. ती आयकॅन दुसऱ्याला देऊ शकत नाही. दोन कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांची नेटवर्के जोडावी लागली, तरी नावांची टक्कर होत नाही. दरवर्षीचे नूतनीकरण विसरले जाणार नाही, एवढी काळजी मात्र घ्यावी लागते. दोनपेक्षा जास्त माणसे असलेल्या कोणत्याही चमूने थेट याच पर्यायापासून सुरुवात करावी, असे मी सुचवेन.

आमचे नाव बाहेर जातच नाही, मग भीती कसली?

हा आक्षेप रास्त वाटतो, पण नावे बाहेर जातात. कार्यालयातील लॅपटॉप घरी किंवा प्रवासात उघडला जातो; त्यातील प्रोग्रॅम सवयीने अंतर्गत नाव विचारतात, आणि तिथे कार्यालयाचा डीएनएस नसल्याने हा प्रश्न उघड्या इंटरनेटवर जातो. तिथे कोणी त्या नावाचा मालक बसलेला असेल, तर तो उत्तर देऊ शकतो.

‘कॉर्प डॉट कॉम’ हे याचे गाजलेले उदाहरण आहे. कार्यालयातील संगणक आणि वापरकर्ते यांची व्यवस्था पाहणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत नमुना म्हणून ‘कॉर्प’ हे नाव दिलेले असे, आणि असंख्य कंपन्यांनी ते तसेच ठेवले. परिणामी, बाहेर नेलेल्या अनेक संगणकांकडून येणारी मागणी कॉर्प डॉट कॉमच्या दारात जाऊन पडू लागली. ते डोमेन एका खाजगी व्यक्तीकडे होते. अखेर २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने ते स्वतःच विकत घेतले.

नव्या प्रत्ययांचे अर्ज २०१२ मध्ये मागवले गेले तेव्हा १,९३० अर्ज आले, आणि त्यांत कॉर्प, होम व मेल हेही होते. या तिन्ही नावांचा खाजगी वापर इतका रुजलेला आढळला, की २०१८ मध्ये आयकॅनने ते कोणालाच न देण्याचे ठरवले. बाकीच्या नव्या प्रत्ययांसाठी एक युक्ती योजण्यात आली: सुरुवातीचे ९० दिवस त्या प्रत्ययाच्या नावांना १२७.०.५३.५३ असा विचित्र पत्ता उत्तरादाखल द्यायचा. हा पत्ता स्वतःच्याच यंत्राकडे वळतो, त्यामुळे माहिती कोणाच्या हाती लागत नाही. ५३ हा डीएनएसचा पोर्ट असल्याने नोंदवहीत तो आकडा पाहून जाणत्या प्रशासकाला आपले नाव धडकते आहे हे कळावे, अशी ती खूण होती.

सुरक्षित जोडणी आणि प्रमाणपत्र

एचटीटीपीएसने सुरू होणाऱ्या पत्त्यासाठी सर्व्हरजवळ प्रमाणपत्र लागते, आणि ‘हे नाव खरोखर यांचेच आहे’ अशी खात्री करूनच ते दिले जाते. ज्या नावाचा जगात कोणी एकच मालक नाही, त्याची खात्री कशी करणार? म्हणून १ नोव्हेंबर २०१५ नंतर अशा अंतर्गत नावांना सार्वजनिक प्रमाणपत्रे देणे बंद झाले. डॉट टेस्टला किंवा डॉट इंटर्नलला ती कधीच मिळणार नाहीत.

‘डेव्हलपमेंटला सुरक्षित जोडणी कशाला?’ असे विचारले जाते. उत्तर असे, की कॅमेरा, स्थान, ऑफलाइन चालणारी पाने अशा अनेक सोयी ब्राउझर फक्त सुरक्षित जोडणीवरच देतो. लोकलहोस्टला त्यातून सूट आहे, डॉट टेस्टला नाही. एकट्यासाठी यावर एमकेसर्ट नावाचे साधन आहे. ते आपल्या संगणकावर एक खाजगी प्रमाणपत्र-कार्यालय उघडते आणि ब्राउझरला त्यावर विश्वास ठेवायला लावते. त्या कार्यालयाची गुप्त किल्ली कोणालाही पाठवू नये, कारण ती ज्याच्या हाती पडेल तो आपल्या संगणकाला कोणत्याही संकेतस्थळाच्या नावाने फसवू शकतो.

स्वतःच्या डोमेनचे सबडोमेन घेतले असेल तर हा प्रश्न फारसा उरत नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा मोफत प्रमाणपत्रे देते आणि मालकीचा पुरावा म्हणून सार्वजनिक डीएनएसमध्ये एक विशिष्ट नोंद करायला सांगते. सर्व्हर स्वतः इंटरनेटवरून दिसण्याची गरज नसते. फक्त एक लक्षात ठेवावे: अशी प्रमाणपत्रे सार्वजनिक नोंदवहीत चढतात आणि ती वही कोणीही वाचू शकतो. अजून जाहीर न झालेल्या उत्पादनाचे नाव सबडोमेनमध्ये असेल, तर ते तिथे उघडे पडते. वाइल्डकार्ड प्रमाणपत्र घेतले की नेमके नाव झाकलेले राहते. लेट्स एन्क्रिप्ट अशी प्रमाणपत्रे २०१८ पासून देते.

नाव बरोबर, तरी पान उघडत नाही

अशा वेळी आधी कॅशवर संशय घ्यावा. विचारलेल्या नावांची उत्तरे संगणक आणि ब्राउझर काही काळ साठवून ठेवतात, आणि ‘असे नाव नाही’ हे उत्तरही साठवले जाते; म्हणून नोंद करण्याआधीच पान उघडून पाहिले असेल, तर नोंद झाल्यावरही काही वेळ नकारच मिळत राहतो.

दुसरा संशय ब्राउझरवर. आता काही ब्राउझर डीएनएसचे प्रश्न सांकेतिक रूपात थेट बाहेरच्या सेवेला विचारतात. खाजगीपणासाठी हे चांगले असले, तरी त्यामुळे कार्यालयातील डीएनएस सर्व्हर बाजूला पडतो आणि नाव टर्मिनलमध्ये सापडते पण ब्राउझरमध्ये सापडत नाही, अशी चमत्कारिक अवस्था होते. हे सेटिंग बंद करता येते.

तिसरा राउटरवर. सार्वजनिक डीएनएसमधील नावाचे उत्तर १९२.१६८ सारखा खाजगी पत्ता आले, तर अनेक राउटर ते उत्तर हल्ल्याचा भाग समजून गाळून टाकतात. आपल्या डोमेनपुरता अपवाद राउटरमध्ये नोंदवावा किंवा ते नाव आतल्या डीएनएसमधूनच द्यावे.

आणि प्रकल्प डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमला संगणकात वेगळे ठेवणाऱ्या बंदिस्त कप्प्यात, चालत असेल, तर लोकलहोस्टचा अर्थच बदलतो: कंटेनरच्या आतून ते नाव कंटेनरकडेच वळते, आपल्या संगणकाकडे नाही. होस्ट्स फाइलमध्ये १२७.०.०.१ कडे वळवलेले नाव ब्राउझरला सापडते, पण कंटेनरमधील प्रोग्रॅम त्याच पत्त्यावर स्वतःलाच शोधत बसतो. डॉकरने संगणकाकडे जाण्यासाठी वेगळे नाव दिलेले आहे, ‘होस्ट डॉट डॉकर डॉट इंटर्नल’. हा प्रत्यय राखीव होण्याच्या कितीतरी आधीपासून ते वापरात होते.